माझ्या आतड्याचा स्वभाव

नीताच्या लग्नाची तारीख ठरली, आणि त्याच बैठकीत, चहाचे कप उचलले जायच्या आत, दुसराही एक ठराव पास झाला. कन्यादान मी करायचं नाही. मी म्हणजे नीताचा सख्खा, हयात आणि त्या वेळी त्याच खोलीत बसलेला बाप. ठराव मांडला दादरच्या कुमारदादाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत भावाने, आणि अनुमोदन दिलं आमच्या हिने. विरोध नोंदवायला मी तोंड उघडलं, पण नेमकं तेव्हाच मला उठून आत जावं लागलं. परत येईपर्यंत ठराव एकमताने मंजूर झाला होता.

"हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस," कुमारदादा म्हणाला. "विधी चालू असताना पाटावरून हलता येत नाही. तू तर सातच्या बातम्या संपेपर्यंतसुद्धा एका जागी बसत नाहीस. भर मांडवात उठलास तर गुप्त्यांची काय शोभा राहील? काकाने कन्यादान केलेलं शास्त्रात चालतं."

शास्त्रात काय काय चालतं हे सांगणाऱ्यांची पोटं नेहमी ठणठणीत असतात, हे माझं जुनं निरीक्षण आहे. नीता एकुलती एक. तिला सायकल शिकवताना वडाळे तळ्याच्या काठाने सीट धरून धापा टाकत मी धावलो होतो, तेव्हा कुमारदादा दादरला होता. मला वाईट वाटलं. स्पष्टच सांगतो, मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "बघा, पुन्हा गेलात ना?"

त्या क्षणी मी ठरवलं की माझं पोट असं का वागतं याचं कारण शोधून काढायचं. लग्न माघात होतं आणि दिवाळीचा चिवडा अजून डब्यात होता, म्हणजे हातात वेळ होता. मी पनवेलमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. कारण सापडलं की कार्य थांबवता येतं, हे मी नववीच्या मुलांना दर वर्षी सांगत आलो आहे. स्वतःवर ते लागू करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

पोटाचं दुखणं तसं दोनेक वर्षांचं. आधी आत कुणीतरी पाट सरकवल्यासारखा आवाज होतो, मग कळ येते, आणि मग असेल तिथून निघावं लागतं. कधी याच्या उलट, चार-चार दिवस सगळं सामसूम. तेही वाईटच. टपाल नाक्यापासून उरण नाक्यापर्यंत कुणाकुणाकडे आगंतुकपणे जाता येतं हे मला पाठ झालं होतं. लोकांना वाटायचं, गुप्ते सर फार माणूसवेडे, उगाच चौकशीला येतात. चौकशी मी जाताना करायचो, आल्या आल्या नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वर्गात मात्र आलं होतं. गृहपाठ तपासायची वेळ झाली की मागच्या बाकावरचा एखादा काळजीच्या सुरात विचारायचा, "सर, बरं वाटत नाहीये का?" आणि खरोखरच बरं वाटेनासं व्हायचं.

पहिली पायरी म्हणून मी सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला, डॉक्टरांनी पोट दाबलं आणि तपासणीसाठी नमुना आणायला सांगितलं. खिडकीवरच्या माणसाने एक चिमुकली डबी दिली आणि बजावलं, "ताजा पाहिजे. सकाळी दहाच्या आत. शिळा घेत नाही." जसं काही मी भाजीवाला होतो. आता पाहा, जे आतडं मला बोलावणं नसताना लग्नात, बारशात, मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात हजेरी लावून दाखवत होतं, त्याने सरकारी काम म्हटल्यावर संप पुकारला. मी रोज सकाळी रिकामी डबी घेऊन रांगेत उभा. खिडकीवरचा माणूस लांबूनच विचारायचा, "झालं का, सर?" आणि रांगेतले सगळे माझ्याकडे वळून बघायचे. रांगेत निम्मे माझ्या विद्यार्थ्यांचे पालक. शेवटी तो म्हणाला, नमुना नसेल तर केसपेपर बाद होईल, नवा काढावा लागेल. नवा केसपेपर काढायच्या रांगेत उभा राहिलो आणि तिथे मात्र आतड्याने संप मागे घेतला. डबी नेमकी घरी राहिली होती.

यथावकाश सगळे रिपोर्ट आले आणि सगळे नॉर्मल आले. नॉर्मल रिपोर्टाइतका अपमान दुसरा नाही. निदान एखादा जंत तरी निघायला हवा होता. दोन वर्षं पळणाऱ्या माणसाला कागद सांगतो की तू पळतच नाहीस.

"मग मला झालंय काय?" मी डॉक्टरांना विचारलं.

"इरिटेबल बॉवेल सिंड्रोम," ते म्हणाले. "आतड्याला जखम नाही, सूज नाही, काही नाही. फक्त ते चिडकं आहे. साध्या गोष्टीला नको इतका प्रतिसाद देतं."

"पण कशामुळे?"

"एकच असं कारण नसतं हो. मेंदू आणि आतडं यांचं सारखं बोलणं चालू असतं, त्यात बिघाड होतो. कुणाचं दुधाने बिनसतं, कुणाचं जागरणाने, कुणाचं काळजीने. तुमचं कशाने ते तुम्हीच बघा."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा ही कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "चिडकं आहे होय? मग मालकावरच गेलंय." नीता हसली. मी चिडलो, आणि आतून लगेच दुजोरा आला.

डॉक्टरांचं एक वाक्य मात्र मला आवडलं, तुम्हीच बघा. हे प्रयोगाचं आमंत्रण होतं. प्रयोगाचा नियम सोपा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एका आठवड्यात दूध बंद, पुढच्यात दूध चालू आणि तूरडाळ बंद, मग गहू, मग चहा. संशयितांच्या रांगेत मी वांग्यापासून विलायती टूथपेस्टपर्यंत सगळ्यांना उभं केलं. फक्त वालाचं बिरडं सोडून. मोड आलेले वाल भिजवून, घरातल्या सगळ्यांनी मिळून सोलून, नारळाच्या रसात केलेलं बिरडं. कायस्थाने बिरड्यावर संशय घ्यायचा म्हणजे आजोबांच्या चारित्र्यावर घेण्यासारखं. बाहेरचा कुणी म्हणाला असता की वाल पोटाला जड असतात, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

प्रयोगाची वार्ता आमच्या लाइन आळीत पसरली. शेजारचे धर्मराज साळवी मदतीला धावले. ते एका औषधाच्या दुकानात कंपाउंडर होते आणि निवृत्त झाल्यापासून डॉक्टर झाले होते. "सर, हे सगळं पाण्यामुळे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सर, हे सगळं उभ्याने पाणी पिण्यामुळे." तिसऱ्या दिवशी, "तुम्ही डाव्या कुशीवर झोपता का?" मी उजव्या म्हटल्यावर, "मग बरोबर," असं म्हणून मान हलवत निघून गेले. कशाशी बरोबर ते कळायला दोन दिवस त्यांच्यामागे फिरलो. खालच्या दिपावहिनींनी पोटातला नळ सरकल्याचं निदान करून मला नाभीवर पणती ठेवून झोपायला सांगितलं. तीही ठेवली. पणती कलंडली आणि ज्या चादरीला भोक पडलं ती नेमकी नीताच्या रुखवतातली निघाली.

गंमत अशी की प्रयोगाला निकालच लागेना. दूध बंद केलं तर बरं वाटलं, दूध चालू केलं तर आणखी बरं वाटलं, आणि काहीच न बदलता एका मंगळवारी वाट लागली. मी चक्रावून गेलो. मग एकदा ताकाला भलताच वास आला म्हणून स्वयंपाकघरात डोकावलो, तर ही माझ्या पेल्यात हिंगाष्टक ढवळत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तुम्हाला सांगितलं असतं तर घेतलं असतंत का?"

"आणि सकाळच्या चहात?"

"त्यात मी काही नाही घातलं. त्यात साळवीभाऊजींनी दिलेला काढा असायचा."

मी डोक्याला हात लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून मी जिभेवर दगड ठेवला होता आणि दोन घरं मिळून माझ्या आत दवाखाना चालवत होती. मी रागाने जेवलो नाही. उपाशी पोटीही त्रास झालाच, म्हणजे न जेवणंही संशयितांत आलं.

पौष लागला तसा माझा धीर सुटत चालला. कुमारदादाने दादरहून निरोप पाठवला की त्याने कन्यादानासाठी नेसायला नवा रेशमी कद घेतला आहे. मऊ भात आणि मेतकूट खाऊन मी शाळेत जात होतो, येत होतो. अशात ओवे गावचे काशिराम शाळेच्या दारात भेटले. त्यांचा पोरगा माझ्या वर्गात होता. जमीन नव्या वसाहतीचा नोड बांधायला गेल्यावर त्यांनी डंपर घेतला होता, पण उरलेल्या तुकड्यात वाल अजून लावायचे.

"सर, शनवारी पोपटी लावतो. तुमी येनार म्हंजे येनार."

"अहो, मला पथ्य आहे."

"पथ्य घरी ठेवून या. त्याला कोन खातंय?"

मी गेलो ते फक्त चहा घ्यायचा असं ठरवून. संध्याकाळी शेतात मंडळी जमली होती. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती जाळ केला. इतकं सगळं होईपर्यंत काशिराम सरकारी मोबदल्याबद्दल, सख्ख्या भावाबद्दल आणि त्या भावाच्या मेहुण्याबद्दल बोलत होते. मेहुण्याने बांध कसा सरकवला ते काठीने मातीत काढून दाखवत होते. मी मधेच विचारलं, "पण मोजणीच्या वेळी तुम्ही कुठे होता?" आणि मग ती हकिगत निघाली. मडकं फोडलं, पानावर ढीग पडला, आणि बांध नक्की कुणाचा याचा विचार करता करता माझं पान रिकामं झालं. पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं झालं.

घरी येताना स्कूटरवर मला भान आलं. वाल, अंडी, कोंबडी, मसाला, सगळे आरोपी मी एकाच बैठकीत पोटात घातले होते. घाबरून झोपलो. सकाळी उठलो तर पोट शांत. चक्क भूक लागलेली. मी गॅलरीत उभा राहून आश्चर्य करत होतो, तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून धर्मराज साळवींनी मान बाहेर काढली.

"सर, काल ओव्याला गेला होता म्हणे. मग, पोट कसं आहे?"

आत पाट सरकला. मी धावलो.

बसल्या बसल्या मला जे सुचलं ते त्या जागेला शोभणारं नव्हतं, पण मोठं होतं. काशिरामांनी संपूर्ण संध्याकाळभर मला माझ्या पोटाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. बाकी अख्खं पनवेल रोज विचारत होतं. खिडकीवरचा माणूस, नववीची मुलं, दिपावहिनी, ही. विचारलं की मी आत बघायचो, आणि बघितलं की ते बिथरायचं. खात्री करायला मी आरशासमोर उभा राहून स्वतःलाच विचारलं, "काय गुप्ते, पोट कसं आहे?" आणि पुन्हा आत गेलो. शास्त्रात याला पुरावा म्हणतात.

मी घरात जाहीर केलं की लग्नापर्यंत माझ्या पोटाची चौकशी बंद. सगळ्यांनी मान्य केलं. मग ते डोळ्यांनी विचारू लागले. मी पानावरून उठलो की ही माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघायची. साळवी "पोट" हा शब्द टाळून "बाकी सगळं?" असं विचारायचे, आणि बाकी सगळं म्हणजे काय हे आतड्याला बरोबर कळायचं. माझा शोध खरा होता, पण त्याचा उपयोग शून्य होता.

लग्नाला आठवडा उरला आणि कुमारदादा नवा कद घेऊन हजर झाला. तेव्हा नीता पुढे झाली. "कन्यादान बाबाच करतील. नाहीतर मी आणि अविनाश रजिस्टर लग्न करतो." ती आवाज चढवत नाही, पण तिचं वाक्य पुरं झालं की घरात कुणी बोलत नाही. तडजोड अशी झाली की मी पाटावर बसायचं, आणि कुमारदादाने कद नेसून, स्नान करून, माझ्या मागच्या खुर्चीवर तयारीत राहायचं. बापाला बदली खेळाडू ठेवलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

लग्नाच्या दिवशी हॉल भरला होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, निम्मी मंडळी जेवायला धावली, आणि उरलेली निम्मी मी उठतो का ते बघायला थांबली. साळवी पहिल्या रांगेत. मागून कुमारदादाचा श्वास मानेवर येत होता. हिने माझ्या बाजूला बसून पळी हातात घेतली. गुरुजी संकल्प सांगू लागले. मी पोटाचा कानोसा घ्यायचा नाही असं ठरवून समोर बघितलं. समोर जावई बसला होता.

अविनाश अलिबागचा, बँकेत नोकरीला, गोरा आणि हसतमुख. आता तो गोराही नव्हता आणि हसतही नव्हता. वरच्या ओठावर घाम होता. पायाची बोटं आत वळलेली. नजर एका ठिकाणी खिळलेली, आणि ते ठिकाण म्हणजे हॉलचा मागचा दरवाजा. गुरुजींनी सांगितलेलं तो फार भराभर म्हणत होता. ही सगळी लक्षणं मी दोन वर्षं आतून पाहिली होती, बाहेरून कशी दिसतात ते आज कळलं. मला त्याची इतकी दया आली की काय सांगू. हा मुलगा आता फार तर दोन मिनिटं टिकणार होता.

तो उठला असता तर काय झालं असतं हे मला दिसत होतं. त्याच्या मावशा कुजबुजल्या असत्या, आमच्या आत्या त्यांच्याहून मोठ्याने कुजबुजल्या असत्या, आणि मुलात काही खोट तर नाही ना हा विषय दोन्ही घरांना जन्मभर पुरला असता. माझं मात्र ठीक होतं. माझी अब्रू गेल्याला बरेच दिवस झाले होते.

"गुरुजी, थांबा," मी म्हणालो. "मला जाऊन यावं लागेल."

हॉलमध्ये जो सुस्कारा उमटला त्यात दुःख कमी आणि समाधान जास्त होतं. हिने पळी खाली ठेवली आणि डोळे मिटले. कुमारदादा उपरणं सावरत उठलाच.

"तू बस," मी त्याला म्हणालो. "मी परत येतोय. जावईबापू, जरा हात द्या. गरगरतंय."

अविनाश असा उठला की आधार कुणी कुणाला दिला ते मुंडावळ्यांनाच ठाऊक. मागच्या बाजूला नळाची मोरी, तिला दार, आणि आत संडास. त्याला आत ढकललं, बाहेरचं दार लावलं आणि मी नळापाशी पहारा देत उभा राहिलो. लगेच दारावर थाप पडली.

"झालं का रे?" कुमारदादा.

"नाही अजून," मी शक्य तितक्या कण्हत्या आवाजात म्हणालो. वरच्या झरोक्यातून साळवींचा आवाज आला, "सर, श्वास सोडा, रोखू नका." मी मोठ्याने श्वास सोडला. त्यांना बरं वाटलं.

अविनाश बाहेर आला आणि एकदम वाकून माझ्या पाया पडला.

"कधीपासून?" मी हळू आवाजात विचारलं.

"बँकेच्या इंटरव्ह्यूपासून. काही ठरलेलं असलं की होतं. काका, घरी कुणालाच माहीत नाही."

"रिपोर्ट?"

"सगळे नॉर्मल."

मी त्याला मिठी मारली. दोन घरांची पत्रिका जुळवताना कुणीच हे बघितलं नव्हतं, आणि इतकं जुळलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

परतल्यावर गुरुजींनी फर्मावलं की यजमानांना पुन्हा स्नान केल्याशिवाय बसता येणार नाही. जावई नुसता सोबत गेला होता, त्याला हातपाय धुवून आचमन पुरे. मी हॉलच्या मागे, टाकीतल्या थंड पाण्याने, काहीही केलेलं नसताना, आंघोळ केली. माझा कद ओला झाला, म्हणून कुमारदादाच्या अंगावरचा नवा कद उतरवून मला नेसवला आणि त्याला हॉलवाल्याची लुंगी मिळाली. तो पुढे कुठल्याच फोटोत आला नाही.

मग मी कन्यादान केलं. हिने पाणी सोडलं, ते माझ्या हातावरून नीताच्या आणि अविनाशच्या हातावर गेलं. नीताची बोटं थंड होती. गुरुजी काय म्हणत होते ते मला ऐकू येत नव्हतं, मी तिच्या तळव्याकडे बघत होतो. सगळं आटोपल्यावर कुणीतरी पेढा हातात ठेवला, तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ मला पोट आहे हेच मी विसरलो होतो.

पाठवणीच्या वेळी नीता माझ्या गळ्यात पडली. रडता रडता कानाशी म्हणाली, "अविनाशने सांगितलं मला, आत काय झालं ते. बाबा, त्याला खायला काय देत जाऊ?"

दोन वर्षांत मला सल्ला न देता सल्ला विचारणारी ती पहिली. मी म्हणालो, "काहीही दे. बिरडं दे, सोड्याची खिचडी दे. त्याला काय नको ते त्याचं त्याला कळेल. फक्त, पोट कसं आहे, असं विचारत जाऊ नकोस."

तिने मान हलवली. गाडीत बसली. गाडी सुरू झाली तशी काच खाली करून, डोळे पुसत, सवयीने म्हणाली, "बाबा, पोटाची काळजी घ्या."

गाडी उरण नाक्याकडे वळून दिसेनाशी झाली. मी मागे फिरलो आणि भराभर हॉलमध्ये शिरलो.

"अहो, आता कुठे निघालात?" हिने विचारलं.

मी हात हलवला, मोरीचं दार आतून लावून घेतलं आणि नळ सोडला. कुणी थाप मारली नाही, आणि मीही बराच वेळ बाहेर आलो नाही.